गावातल्या फोनवर टिकेल असं तब्येतीचं ॲप कसं करावं

घाटंजी तालुक्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसा कॉम्बो (डिस्प्ले आणि टचची जोडी) बदलतो, चार्जिंग जॅक बसवतो. संध्याकाळी शटर अर्धं पाडलं की लॅपटॉप उघडून ॲपचं काम करतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी केलेलं माझं एक छोटं व्यायामाचं ॲप आसपासच्या गावांत चालतं. त्यामुळे कॉलेजातली पोट्टी विचारायला येतात, "भाऊ, फिटनेस ॲप कराचं हाय, डिझाइन कसं ठेवाव?" सोबत एखाद्या महागड्या ॲपचे स्क्रीनशॉट असतातच. काळी पार्श्वभूमी, हिरवी गोल कडी, खाली बॅजांची रांग.

त्यांना मी आधी विचारतो, तुझी आई सकाळी किती वाजता उठते आणि आज तिनं काय काम केलं? बहुतेकांना सांगता येतं, पण त्याचा ॲपशी काय संबंध ते कळत नाही. सगळा संबंध तिथंच आहे. माणसानं ॲप रोज उघडावं असं वाटत असेल, तर त्याचा दिवस त्या ॲपमध्ये मावला पाहिजे. वेचणीचा दिवस, रातच्या लाईनीचा (शेतीला रात्री वीज येते तो) दिवस, फवारणीचा दिवस, लग्नाचा दिवस. कडी आणि बॅज नंतर पाहू.

आधी फोन हातात घ्या

माझ्या काउंटरवर येणारा सरासरी फोन असा असतो: ३२ जीबीचा, त्यातली जागा शुभ सकाळच्या फोटोंनी आणि पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली, काचेला एका कोपऱ्यातून तडा, स्क्रीनगार्डखाली हवेचे बुडबुडे, कव्हरच्या आत घडी केलेली पन्नासची नोट. 'जागा शिल्लक नाही' असं फोन म्हणाला की घरातलं पोरगं सगळ्यात आधी काय उडवतं? परवा टाकलेलं नवीन ॲप. म्हणून पंधरा-वीस एमबीच्या वर जाऊ नका. व्यायाम दाखवायला व्हिडिओ नको, तीन-चार रेषाचित्रं एकामागून एक हलवली तरी बैठक कशी मारायची ते कळतं. ती व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांच्या मापानं साठवलेली) ठेवा, वजन नगण्य राहतं.

नेट गृहीत धरू नका. रिचार्ज संपतो आणि नवा मारायला कापसाचे पैसे यायची वाट पाहिली जाते. सगळी नोंद आधी फोनमध्येच व्हावी, रूम डेटाबेसात (फोनमध्येच माहिती साठवायची अँड्रॉइडची सोय), आणि नेट आलं की वर्कमॅनेजर (मागच्या मागे कामं उरकणारी अँड्रॉइडची सोय) ती वर पाठवेल. नेट नसताना ॲप उघडून नुसतं चाक फिरत बसलं तर तो माणूस दुसऱ्यांदा उघडणार नाही.

ओटीपी तर पहिल्या स्क्रीनवर अजिबात मागू नका. नंबर मुलाच्या नावावर, मुलगा पुण्यात, किंवा वैधता संपल्यानं मेसेज येणंच बंद. नाव विचारा, फोटो नाहीतर एखादं चित्र निवडू द्या, आत सोडा. आणि एका फोनवर तीन माणसं असतात हे ध्यानात ठेवून उघडल्यावर तीन चेहरे दाखवा: आई, बाबा, पोरगी. ज्यानं त्यानं आपल्यावर बोट ठेवावं. मोठमोठ्या ॲपांना हे सुचत नाही, कारण त्यांच्या लेखी एक फोन म्हणजे एक माणूस.

अक्षरांबद्दल दोन गोष्टी. इंग्रजीच्या मापानं ओळींतलं अंतर ठेवलं की मराठीची वेलांटी वरून कापली जाते आणि उकार खालून. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लहान स्क्रीनवरही स्वच्छ दिसतात. दुसरं, ती काळी पार्श्वभूमी. बांधावर दुपारी बारा वाजता फोन काढून पाहा, त्यात स्वतःचं तोंड दिसेल, आकडा दिसणार नाही. पांढऱ्यावर काळं लिहा. बटण ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान नको. निंदून आलेल्या बोटांना काच नीट ओळखत नाही.

दहा हजार पावलांचा हट्ट सोडा

हा आकडा कुठल्या डॉक्टरानं शोधलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन पावलांत बोलतच नाही. मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं ते सांगतं.

आता वेचणीला जाणाऱ्या बाईचा दिवस घ्या. कमरेला कापडाची ओटी, दिवसभर वाकून, मजुरी किलोवर. फोन घरी, नाहीतर डब्याच्या पिशवीत झाडाखाली. संध्याकाळी ॲप उघडलं तर चारशे पावलं आणि वर एक रडका चेहरा. एका काकूनं मला फोन परत देत सांगितलं, "याले म्हना, एक दिवस ये माह्यासंग वावरात." बरोबरच आहे. तिला आणखी चालायला सांगणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

म्हणून माझ्या ॲपमध्ये पहिला प्रश्न कामाचा आहे. 'आज काय होतं?' आणि खाली चित्रं: वेचणी, निंदण, सोंगणी, ओलीत, फवारणी, घरकाम, सुटी. एक बोट, झालं. त्या उत्तरावर पुढचा सल्ला ठरतो. वेचणी असेल तर कंबर मागं वाकवणं, मांडीचा मागचा स्नायू ताणणं, खांदे फिरवणं, पाच-सहा मिनिटांत सगळं, चुलीजवळ बसल्या बसल्या जमेल असं. सुटी असेल तर चालणं, बैठका. घरकामाच्या दिवशी दोन्हीतलं थोडं थोडं. हे सगळं कागदावर एका तक्त्यात मावतं, त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

कॅलरी मी काढूनच टाकल्या. फोन दाखवतो तो आकडा वजन आणि वेळेवरून मारलेला अंदाज असतो, आणि काकूला तो आकडा समजून करायचं काय? तीच गत जेवणाची. जेवणाची नोंद ठेवायचीच असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते घ्या, ५२८ पदार्थांची मोजणी आहे त्यात, ज्वारी-तूर-जवस-अंबाडी सगळं सापडतं. परदेशी यादी उचलली की नाश्त्यात ओट्स आणि ॲव्होकाडो येतात, भाकर-झुणका शोधून सापडत नाही.

पावलं मोजायचीच असतील, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यात मजा वाटते हे खरं, तर थोडं तांत्रिक. अँड्रॉइड ४.४ पासून स्टेप काउंटर सेन्सरची सोय आहे, पण तो फोन चालू झाल्यापासूनची बेरीज देतो. फोन बंद-चालू केला की शून्य. रोजची सुरुवातीची बेरीज जपून ठेवा, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर फोन रीस्टार्ट झाला असं समजा. अँड्रॉइड १० पासून त्यासाठी परवानगी मागावी लागते. स्वस्त फोनांत हा सेन्सर नसतोसुद्धा. आधी तपासा, नसेल तर पावलांचा कप्पा दाखवूच नका. शून्य पाहून माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. आणि कच्च्या रस्त्यावर मोटरसायकलच्या हादऱ्यांनीही पावलं वाढतात. आमच्या ग्रुपमध्ये बरेच दिवस पहिला नंबर दूधवाल्याचा होता.

भरतीवाल्यांना गोडीगुलाबी लागत नाही

पहाटे कुठल्याही फाट्यावर उभे राहा, पळणारी पोरं-पोरी दिसतील. राज्याच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या मंडळींना प्रेरणेचे सुविचार पाठवलेत तर ती ॲप काढून टाकतील. त्यांना घड्याळ पाहिजे. मागच्या आठवड्यापेक्षा किती सेकंद कमी झाले, एवढंच.

जीपीएसला नेट लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं, नेट लागतं ते नकाशाला. पण शाळेच्या दोनशे मीटरच्या मैदानावर गोल गोल पळताना जीपीएस वळणं कापतं आणि अंतर चुकतं. फेऱ्या मोजणंच खरं. आता फेरीचं बटण कोण दाबणार? मी मैदानावर जाऊन पाहिलं: पळणारा फोन सोबत नेतच नाही. काठावर एक जण चौघांचे फोन आणि चपला सांभाळत उभा असतो, एका हातात फोन, तोंडानं "चल बे, चल बे". म्हणून तो स्क्रीन त्या काठावरच्या मित्रासाठी काढला. चार नावं, चार रंग, चार मोठी बटणं, अख्खा स्क्रीन भरून. जो समोरून गेला त्याच्या रंगावर अंगठा. फेरीची वेळ फोन मराठीत मोठ्यानं बोलतो, पळणाऱ्याला ऐकू जाईल अशी. दुसऱ्यांदा चुकून दाबलं गेलं तर काही सेकंदांच्या आतला दाब ॲपनं सोडून द्यावा. माझ्या सगळ्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्क्रीन हाच, आणि त्यावर ना बॅज आहे, ना सुविचार.

सलग दिवसांची साखळी मात्र जपून वापरा. 'तुमची साखळी तुटणार आहे!' असा लाल मेसेज पहाटे साडेचारला जाणं आमच्याकडे धोक्याचं आहे. टिपेश्वर अभयारण्य आमच्या आणि पांढरकवड्याच्या हद्दीत. वाघ दिसल्याची बातमी आली की अंधारात रस्त्यावर कोणी जाऊ नये, आणि साखळीच्या नादानं तर मुळीच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, कोणाला २५४ पर्यंतचा अंदाज. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मग आपणच का घाबरवायचं? आठवड्यात चार दिवस झाले की आठवडा पूर्ण, असं ठेवा. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला, घरात कोणी आजारी असताना, खाडा धरूच नका.

व्यायामांची यादी करतानाही आपल्या मातीतलं पाहा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं त्यांच्या चमूनं देशी कसरती दाखवल्या. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, लेझीम हे इथल्या आजोबांनाही ठाऊक आहे. 'बर्पी' शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून जोर शिकून घेणं पोरांना सोपं जातं.

काही प्रश्न सुरुवातीलाच विचारावे लागतात

विदर्भात तब्येतीचं ॲप करणाऱ्यानं सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, विचारलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तर तो घराघरांत माहीत आहे, आमच्याकडेही आहे. लोक 'एएस' (नुसता वाहक) आणि 'एसएस' (प्रत्यक्ष आजार) असं सांगतात, तेच पर्याय ठेवा, आणि 'तपासलं नाही' हाही. एसएस असलेल्याला अंगातलं पाणी कमी होणं, उन्हात दमणं, अचानक जोराची मेहनत यातून असह्य दुखणं उठू शकतं. अशा माणसाला वेळ लावून पळायला लावू नका. डॉक्टरांना विचारा असं सांगा आणि हलक्या, मध्ये थांबून करायच्या हालचाली द्या. रक्त कमी असलेल्या बाया तर फार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. 'दम लागतो का, चक्कर येते का' याला हो आलं की आधी आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघायला पाठवा. वजन कमी करायचा आराखडा तिथं दाखवायचा नाही.

ऊन. तापमान ४५ अंशांवर गेलं की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे ४५ चं नवल नाही. हवामानाची माहिती नेटवरून आणता आली तर ठीक, नाहीतर महिन्यावरून ठरवा: एप्रिल ते पाऊस येईपर्यंत बाहेरचा व्यायाम सकाळी सातच्या आत, दिवसा फक्त घरातला. पाण्याची आठवणही डोकं वापरून द्या. दर तासाला 'पाणी प्या' वाजवून उपयोग नाही. वावरात आडोसा नसतो, म्हणून बाया मुद्दामच कमी पितात. हे मला एका आशाताईनं सांगितलं, माझं मला सुचलं नसतं. तेव्हा निघण्याआधी घरी दोन पेले, आल्यावर ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, अशा वेळा धरा, आणि शेतातल्या तासांत निदान घोट-घोट तरी, एवढंच म्हणा.

फवारणीचं चित्र दाबलं की व्यायाम बंद. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर हा विषय मी चेष्टेवारी घेत नाही. ॲपनं त्या दिवशी तीनच गोष्टी सांगाव्या: आंघोळ आणि कपडे बदलणं आधी, मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला लाळ यातलं काही झालं तर १०८ ला फोन, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत. १०८ चं बटण नेट नसतानाही चालेल असं ठेवा.

झोपेचा कप्पा ठेवायचा तर दोन तुकड्यांत लिहायची सोय द्या. रब्बीत शेतीची लाईन रात्री येते तेव्हा माणूस ओलिताला जातो. रानडुकरं आणि रोही असले की जागलीवर. 'तुम्ही आठ तास झोपला नाहीत' हे त्याला ॲपनं सांगायची गरज नाही. दुपारची झोप मोजली गेली एवढं दिसलं तरी त्याला बरं वाटतं.

आवाज, आठवण आणि ग्रुप

वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं. फोनचा यांत्रिक मराठी आवाज आकडे सांगायला ठीक, बाकीसाठी गावातल्या माणसाचा आवाज टेप करा. आमच्याकडे भजनी मंडळातल्या एका काकूनं वाक्यं बोलून दिली: "बाई, कंबर आखडली असन, पाच मिनिटं टेक जरा." हे ऐकून बाया आधी हसतात आणि मग खरंच टेकतात. गोंगाट नसलेल्या खोलीत, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून टेप केलं तरी चालतं.

दिवसाला आठवण एकच, संध्याकाळच्या चहानंतर. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनला परवानगी मागावी लागते. ती ॲप उघडल्या उघडल्या मागू नका. पहिला व्यायाम पूर्ण झाला, माणूस खूश आहे, तेव्हा विचारा.

नंबरांची यादी बचत गटातल्या बायांना आवडत नाही, शेवटच्या नंबरची बाई दुसऱ्या दिवसापासून येत नाही. गटाची मिळून बेरीज दाखवा. भरतीवाल्यांना मात्र नंबरच पाहिजेत, त्यांना द्या. वजन कोणालाच दाखवू नका. व्हॉट्सॲप स्टेटसला टाकता येईल असं एक छोटं कार्ड बनवून द्या, नाव आणि आठवड्याची मिनिटं एवढंच. नव्या गावात ॲप पोचतं ते याच कार्डावरून.

खासगीपणाबद्दल कडक राहा. पाळीची नोंद वेगळ्या पिनमागे, कारण फोन पोराच्याही हातात असतो. कॉन्टॅक्टची परवानगी मागायचं कारणच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे, आणि भरतीची तयारी करणारी निम्मी पोरं सोळा-सतराचीच असतात. संमतीचा मजकूर मराठीत, आठवीतल्या मुलाला कळेल असा लिहा. 'सगळं पुसून टाका' हे बटण लपवू नका.

सोडण्याआधी

कोड लिहायच्या आधी कागदावर स्क्रीन काढा आणि पारावर बसलेल्या कोणाच्याही हातात द्या. "यात काय कराल?" एवढं विचारून गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड जातं, जीभ शिवशिवते. पण तुम्ही सांगितलंत की तो "हो हो" म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

चाललं की नाही हे ॲपमध्ये घालवलेल्या मिनिटांवरून ठरवू नका. चांगलं ॲप एका मिनिटात काम उरकून माणसाला मोकळं करतं. वेचणीच्या हंगामात गळालेले जानेवारी-फेब्रुवारीत परत आले का, हे पाहा. परत येणाऱ्याला 'तुम्ही इतके दिवस नव्हता' असं म्हणायचं नाही, सरळ आजचा प्रश्न विचारायचा.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांनी वापरून पाहणं) लागते, आणि तब्येतीच्या ॲपला वेगळं घोषणापत्र भरावं लागतं. बारा जण पैसे देऊन गोळा करणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मैदानावरची सहा पोरं, बचत गटातल्या चार बाया, एक आशाताई आणि एक साठीच्या पुढचा माणूस घ्या. चाचणीची लिंक ज्या जीमेलवर जाते त्याचा पासवर्ड त्यातल्या निम्म्यांना आठवत नसतो, म्हणून एक रविवार नुसता त्यासाठी ठेवा. माझ्या दुकानात येणार असाल तर दुपारी चारनंतर या, त्याआधी गर्दी असते.